साठ खोल्यांचा अंदाज

चाचा,

आपलं एक भांडण तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी ते उकरून काढलं होतं. नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं, तरी तुम्ही हातानं मला ‘चल, नीघ’ अशी खूण केलीत आणि डोळ्यांनी हसलात. नर्सला वाटलं, ही बाई पेशंटला त्रास देतेय. देतच होते. पंचवीस वर्षं देत आले होते.

भांडण एवढंच होतं. जालना रोडवरच्या त्या साठ खोल्यांच्या हॉटेलचं अंदाजपत्रक मी केलं. पडदे, गाद्या, खुर्च्या, पलंगपोस, सगळ्याला कापड किती, शिलाई किती, खर्च किती. कंत्राटदाराकडे जाण्याआधी ती फाइल दोन दिवस तुमच्या घरी होती. त्या दोन दिवसांत तुम्ही ती तपासलीत की नाही? तुम्ही म्हणायचात, “नाय बघितलं.” मी म्हणायचे, खोटं बोलताय. आज या शहरात कुठल्याही कंत्राटदाराला इमारतीच्या आतल्या सजावटीचा खर्च काढायचा असला की तो माझं नाव घेतो, आणि घेतो ते त्या एका कामामुळं. ते काम माझं होतं की तुम्ही गुपचूप दुरुस्त केलेलं, हे मला कळायला हवं होतं. लोक कौतुक करायचे आणि मला आतून वाटायचं, यातलं अर्धं कुणाचं तरी उसनं आहे.

तुम्हाला यात गंमत वाटायची. मला झोंबायचं.

आपली ओळखच मुळी माझ्या आगाऊपणातून झाली. मी गव्हाणे शेठच्या ऑफिसात टायपिस्ट होते. शेठ बंगले आणि दवाखाने बांधायचे, आणि शहागंजातले गादीवाले युसूफभाई, म्हणजे तुम्ही, पाठकोऱ्या कागदावर त्यांना फर्निशिंगचा अंदाज लिहून आणून द्यायचात. मी तो टाइप करायचे. एकदा मी सगळ्यांसमोर तुम्हाला अडवलं. म्हटलं, चाचा, पडदे नऊ लिहिलेत आणि दांड्या आठ, एक दांडी विसरलात. तुम्ही शांतपणे सांगितलंत की नववी खिडकी मोरीची आहे, तिथं दांडी नसते, तार असते. ऑफिस हसलं, माझे कान तापले. पण जिन्यापर्यंत गेलेले तुम्ही परत आलात आणि म्हणालात, “टायपिंग कुणीबी करतं. तू वाचतीस. माझ्याकडं येतीस का?”

घरी ते पचायला वेळ लागला. दौलताबादला आमची पेरूची बाग, आण्णांचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि त्यांची पोरगी शहागंजात गादीवाल्याकडं नोकरीला जाणार म्हटल्यावर भावकीत कुजबुज सुरू झाली. तुम्ही चाचींना घेऊन एस.टी.नं आलात. चाची थेट चुलीपाशी आईजवळ जाऊन बसल्या. तुम्ही आण्णांशी कामाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत, नुसती बाग फिरलात आणि एका झाडाकडं बघून सांगितलंत की यंदा याला अमुक इतके पेरू येतील. आण्णांनी त्या हंगामात ते झाड खरंच मोजलं. आकडा फार हुकला नव्हता. त्यानंतर आमच्या घरात तुमच्याविरुद्ध कुणी बोललेलं आण्णांना चाललं नाही.

मोजण्याचं तुमचं हे वेड कुठून आलं ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. निजामाच्या काळात तुमचे अब्बा साहेबलोकांच्या बंगल्यांची कामं करायचे. एका बंगल्यासाठी त्यांनी नुसत्या तोंडी ऑर्डरवर, माप न घेता, मखमलीचे तागे आणून ठेवले. मग पोलीस ॲक्शन झाली, साहेब रातोरात हैदराबादकडं गेला आणि ती मखमल तुमच्या माळ्यावर पडून राहिली. तुमच्या बहिणींच्या लग्नात तिच्या उशा झाल्या, ईदला टोप्या झाल्या, शेवटी शेवटी शिवणयंत्राचं झाकणसुद्धा मखमलीचं झालं. तुम्ही हसत सांगत होतात, पण तुमचे अब्बा त्यानंतर कुणाच्या बंगल्यात काम करायला गेले नाहीत, हेही तुम्ही सांगितलंत. खोलीत जाऊन बसल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम तिथून आला.

आणि तुम्ही खरंच बसायचात. तो प्रकार आधी मला लाजिरवाणा वाटायचा. नव्या इमारतीत, सिमेंटच्या धुळीत, तुम्ही खांद्यावरचा रुमाल अंथरून प्रत्येक खोलीत मांडी घालायचात. एक चहा पिऊन होईपर्यंत गप्प. सुपरवायझर म्हणायचे, चाचा माप घ्यायला आलेत की मुक्कामाला? मग तुम्ही उठायचात आणि टेप लावण्याआधीच सांगायचात की या खिडकीतून दुपारी ऊन पलंगावर येणार, इथल्या पडद्याला अस्तर धरा. तिथं दार उघडल्यावर खुर्चीच्या पाठीला घासणार, तिथं नाजूक कापड नको. आर्किटेक्टच्या नकाशात या गोष्टी नसायच्या, आणि खर्च नेमका त्यांच्यातच असायचा. “कागदावरची खिडकी कोनालाबी मोजता येती,” तुम्ही म्हणायचात. आपल्याकडच्या गवंड्यांनी दोन खिडक्या एका मापाच्या ठेवल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही, त्यामुळं तुमचं म्हणणं दरवेळी खरं ठरायचं.

डॉक्टरीणबाईंच्या पडद्यांबद्दल मी तुमच्याशी कधीच बोलले नाही. आज बोलते. तुमच्याकडं येऊन मला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही आजारी होतात आणि त्यांच्या दिवाणखान्याचं कापड मी काढलं. मोठ्या फुलांचं छापील कापड होतं. मी खिडकीची लांबीरुंदी घेतली, चुण्यांसाठी दुप्पट धरलं, आकडा काढला आणि स्वतःवर खूश झाले. छापील कापडात फुलाला फूल भिडवून पट्टे जोडायचे तर प्रत्येक पट्ट्यामागं हातभर कापड वाया जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पडदे लागले तेव्हा प्रत्येक जोडावर फूल मधोमध चिरलेलं. डॉक्टरीणबाई एकेक जोड बोटानं चाचपत राहिल्या. तुम्ही अंगात ताप घेऊन आलात, पडद्यापुढं उभे राहिलात आणि त्यांना म्हणालात की बाई, चूक माझी आहे, माझी नजर अलीकडं दगा देते. पडदे नव्यानं शिवून दिलेत, पदरचे पैसे घालून.

मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, निदान मला रडता तरी आलं असतं. पण त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकावर, प्रत्येक ओळीपुढं, तुमच्या बोथट पेन्सिलीचा एक ठिपका यायला लागला. ठिपका म्हणजे तपासलं. तीन खोल्यांचं काम असो की एका उशीचा अभ्रा, ठिपका ठरलेला. मला त्या ठिपक्यांचा राग यायचा आणि ते नसते तर मी कामच करू शकले नसते. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहिले. आता मानते चाचा, उशिरा का होईना.

तर ते हॉटेल. वाळूजला कारखाने उभे राहिले होते, वेरूळ-अजिंठ्याला जाणारे पाहुणे वाढले होते, आणि गव्हाणे शेठना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. मालकाची अट अशी की खोलीतल्या खुर्च्या, उशा आणि पलंगावरचा पट्टा आपल्या इथल्या हातमागावर विणलेल्या फुलाफुलांच्या हिमरूचा हवा, म्हणजे पाहुण्याला कळलं पाहिजे तो कुठल्या गावात उतरलाय. शेठना मालकाला एकदाच आकडा द्यायचा होता. दिल्यानंतर कापड कमी पडलं तर तोटा शेठचा. तुम्ही मला सांगितलंत, “हे तू कर. मी हात लावणार नाय.” मला वाटलं, नेहमीसारखं आहे. मी करणार, तुम्ही ठिपके देणार.

साठच्या साठ खोल्यांत मी बसले. तुमच्यासारखी, रुमाल अंथरून. सुपरवायझरांना हसायला आता मी मिळाले. हिमरूसाठी मुंबईच्या आर्किटेक्टनं कापडाचा तुकडा पाठवला होता आणि एकूण कापड किती आणि पन्हा किती धरायचा तेही लिहून दिलं होतं. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, अंदाजाचा सगळा खेळ तिच्यावर. तो आकडा गिरणीच्या कापडाचा वाटत होता. मी विणकराच्या घरी गेले, मागावर चढलेलं कापड टेप लावून मोजलं. पन्हा चांगला वीतभर कमी निघाला. म्हणजे खुर्चीच्या प्रत्येक पाठीला एका पट्ट्याऐवजी दोन पट्टे, आणि दोन म्हटले की मध्ये जोड, आणि जोड म्हटला की फुलाला फूल भिडवणं आलं. डॉक्टरीणबाईंचा दिवाणखाना माझ्या डोळ्यांपुढून हलेना. प्रत्येक खुर्ची मी कागदावर कापून बघितली. माझा हिमरूचा आकडा मुंबईच्या आकड्याच्या दीडपट झाला.

गुरुवारी संध्याकाळी लाल नाडीची फाइल तुमच्या हातात दिली. शनिवारी सकाळी तुम्ही ती घेऊन शेठच्या ऑफिसात आलात. मी फाइल उघडली आणि चाट पडले. एकही ठिपका नव्हता. मग मला वाटलं, तुम्ही शेठसमोर माझी पत राहावी म्हणून ठिपके रबरानं खोडले असणार. पुढं त्या फाइलची पानं मी उजेडाकडं धरून धरून बघितली, कागदावर खोडल्याची खूण दिसते का म्हणून. दिसली नाही. तरी मी मानलं नाही.

शेठनी हिमरूचा आकडा वाचला आणि माझ्याकडं न बघता तुम्हाला विचारलं की मुंबईवाला एवढ्या कमीत सांगतो, ह्या काय खुर्च्यांना पैठणी नेसवणार आहेत का? मी पन्ह्याचं सांगायला लागले, त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नव्हतं. मग फाइल तुमच्यापुढं सरकवून म्हणाले, चाचा, खाली तुमची सही कुठंय?

तुम्ही खुर्चीत पुढं सरकून बसलात. “अंदाज शैलाताईंचा हाय, सही त्यांचीच ऱ्हाईल.”

“आन् चुकला तर?”

“तर जो फरक पडंल तो माझा. दुकान शहागंजातच हाय शेठ, कुठं पळून जात नाय.”

तोपर्यंत मी तुमची ‘पोरी’ होते. ‘शैलाताई’ त्या सकाळी पहिल्यांदा झाले. पण जिना उतरताना मला आनंद झाला तो अर्धाच. शेठनी हो म्हटलं होतं ते तुमच्या दुकानाकडं बघून. आणि उशीचा अभ्रा तीनदा मोजणारा माणूस न बघता अख्खं दुकान जामीन ठेवेल, हे कुणाला खरं वाटेल? रिक्षात मी विचारलं, “चाचा, खरं सांगा, तपासलं होतं ना?” तुम्ही बाहेर बघत म्हणालात, “नाय बघितलं.” आपलं भांडण त्या रिक्षात सुरू झालं.

चार महिने काम चाललं. हिमरू विणून येत होतं, कारागीर कापत होते, आणि माझा जीव रोज त्या कात्रीच्या टोकावर. चाळीस खोल्या झाल्या, पन्नास झाल्या. तुम्ही रोज यायचात, एखाद्या तयार खुर्चीत बसून चहा प्यायचात आणि जायचात. शेवटच्या खोलीच्या शेवटच्या खुर्चीचं कापड कापून झालं तेव्हा टेबलावर उरलं होतं ते तुम्ही उचललंत. अंगठा आणि करंगळी ताणून मोजलंत. वीतभर.

गव्हाणे शेठ आले. त्यांनी विचारलं, उरलेलं हिमरू कुठं ठेवलंय? मी सांगितलं, हेच ते. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांनी खुर्च्यांवरून हात फिरवला, जोडावर वाकून बघितलं. साठ खोल्यांत एकाही फुलाला कात्री लागली नव्हती. मुंबईच्या आकड्यानं गेलो असतो तर वीस खोल्यांच्या खुर्च्या उघड्या राहिल्या असत्या, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, ते कंत्राटदार होते. ते मला म्हणाले, “शैलाताई, पुढच्या कामाला चाचांना जिने चढायला लावू नका. तुम्ही एकट्या आलात तरी चालंल.”

तुम्ही खोटं खोटं रुसलात. परतताना शहागंजापर्यंत सगळ्यांना सांगत होतात की आपल्याला आज नोकरीवरून काढलंय. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ रिक्षा थांबवलीत, किलोभर जिलबी घेतलीत आणि ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला आपल्या हातानं दिलीत. कुणी विचारलं, काय झालं चाचा, तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचात, “इनको पूछो.” भर बाजारात मी कापडाचे पन्हे समजावून सांगत होते आणि लोक जिलबी खात ऐकत होते. तसा दिवस माझ्या लग्नातसुद्धा आला नाही.

त्यानंतर ठिपके बंद झाले. कामं येत गेली, दवाखाने, मंगल कार्यालयं, हर्सूलकडच्या नव्या वसाहती. दुकानाच्या पाटीवर तुम्ही माझं नाव घातलंत, आणि रंगाऱ्यानं ते तुमच्यापेक्षा लहान काढलं म्हणून पाटी परत पाठवलीत. माझ्या हाताखाली आज सहाजण आहेत आणि त्या सगळ्यांना मी खोलीत बसायला लावते. पण चांगलं काम झालं, कुणी शाबासकी दिली, की तो किडा वळवळायचाच. मी परत विचारायचे, तुम्ही परत तेच सांगायचात, आणि ते मिश्किल हसणं. त्या हसण्यामुळंच तर मला खात्री होती की तुम्ही खोटं बोलताय.

परवा चाचींना भेटायला गेले. मातीला बायका जात नाहीत, म्हणून मी येऊ शकले नाही, पण चाचींजवळ बसण्याचा माझा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. त्या आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, भेटायला येणाऱ्या बायका नुकत्याच गेल्या होत्या. बराच वेळ आम्ही दोघी रडलो. मग मी डोळे पुसत म्हणाले की चाचा गेले ते गेले, माझं भांडण तसंच ठेवून गेले. चाचींनी विचारलं, कोणतं? मी सांगितलं. आणि त्या तसल्या दुःखात, चाचा, त्यांना हसू फुटलं.

त्या गुरुवारी तुम्ही फाइल घेऊन घरी गेलात ती सरळ त्यांच्या हातात दिलीत. त्यांचेच शब्द लिहिते. “मेरेकू बोले, संदूक में डाल, कुलूप लगा, और किल्ली मैं माँगा तो भी नक्को दे. मैं पूछी, कायकू? बोले, मैं देखा तो वो हिसाब मेरा हो जाता. शैला का नै रहता.”

शुक्रवारी नमाजहून आलात आणि किल्ली मागितलीत. म्हणालात, फक्त शेवटचं पान बघतो. चाचींनी दिली नाही. जेवण झाल्यावर परत मागितलीत, म्हणालात, नुसता हिमरूचा आकडा. तेव्हा त्या किल्ली ओढणीच्या टोकाला बांधून बहिणीकडं निघून गेल्या आणि दिवेलागणीनंतर परतल्या. तुम्ही दारातच उभे होतात. तिसऱ्यांदा मात्र मागितली नाहीत. शनिवारी सकाळी त्यांनी संदूक उघडली आणि फाइल जशी होती तशी, नाडीसकट, तुम्हाला दिली.

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलं? त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, त्यांचीच ताकीद होती. ‘शैला को शक रहने दे. शक है तो दो बार नापती.’

वाह रे चाचा. पंचवीस वर्षं मला टांगून ठेवलंत आणि वर दोनदा मोजायची सवय लावलीत.

घरी येताना मी रिक्षा त्या हॉटेलकडून घ्यायला सांगितली. उतरले नाही, नुसती बघून आले. तुम्ही घाबरला होतात, हे मला आता कळलं. दोनदा किल्ली मागण्याएवढे घाबरला होतात, अब्बांची ती मखमल आठवली असेल, घरदार आठवलं असेल. आणि तरी शेठच्या टेबलावर कोपर टेकून तुम्ही माझ्या अंदाजावर दुकान पणाला लावलंत, फाइलचं एक पानही न उलटता. मी रिक्षात मोठ्यानं हसले, रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. बघू दे.

भांडण संपलं चाचा. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी साफ हरले. साठच्या साठ खोल्या माझ्या होत्या.